परक्या नराचा वास

लोणावळ्याच्या बाजारात लैला मोमीनला लोक ‘उंदीरवाली’ म्हणायचे. पाठीमागेही म्हणायचे आणि तोंडावरही. भाजीवाली सरूबाई वाटाणे मापता मापता विचारायची, आज तुझ्या उंदरांना काय गं? लैला हसून सांगायची, भिजवलेले हरभरे. रेल्वेच्या इंजिन शेडमधले फिटर गफूरभाई तांबोळी यांची ही थोरली मुलगी. गफूरभाईंनी लोकांचं न ऐकता तिला पुण्याला ठेवून एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. पुढं तिचं लग्न एस.टी.त कंडक्टर असलेल्या बशीर मोमीनशी झालं आणि ती पुन्हा लोणावळ्यातच राहिली. तिच्या शिक्षणाला साजेशी एकच नोकरी गावात होती, ती तुंगार्लीच्या चढावरच्या एका जुन्या बंगल्यात.

त्या बंगल्यात मुंबईच्या एका ट्रस्टनं मेंदूच्या संशोधनाचं छोटं केंद्र काढलं होतं. डॉ. महिपतराव शितोळे त्याचे प्रमुख. विलायतेत शिकून आलेले, कामाला पक्के, बोलायला तुटक. त्यांचा विषय वास आणि मेंदू. उंदराच्या मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला वास ओळखणाऱ्या दोन लहान गाठी असतात. त्या काढल्या की पांढऱ्या उंदरांचे नर एकमेकांशी भांडायचं सोडतात, असं शितोळ्यांच्या प्रयोगांत दिसत होतं. लैला त्यांना शस्त्रक्रियेत मदत करायची. तिचा हात स्थिर होता आणि शितोळे तो मानत.

पण केंद्रात माद्यांवर काम होत नसे. शितोळ्यांचं म्हणणं सरळ होतं. मादीचं शरीर दर चार-पाच दिवसांनी पालटतं, त्यामुळं आकडे हलतात, आणि हलणाऱ्या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही. माद्या फक्त पिलं काढायला. लैलाला हे पटायचं नाही. आकडे का हलतात, हाच तिला प्रश्न वाटायचा. नराच्या आणि मादीच्या मेंदूला एकच वास वेगळा कळतो का, हे तिला बघायचं होतं. दोन वर्षं ती विचारत राहिली. शेवटी १९६६च्या उन्हाळ्यात शितोळ्यांनी एका पावसाळ्यापुरती परवानगी दिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला ट्रस्टची समिती केंद्र बघायला येणार होती. तोवर काही निघालं तर ठीक, नाहीतर माद्यांचं काम बंद, असं त्यांनी बजावलं.

काम सुरू झालं आणि जूनच्या अखेरीपासून बिघडत गेलं.

लैला माद्यांना त्यांच्या ओळखीच्या नरापाशी ठेवायची, लागल्याची, म्हणजे नराशी संग झाल्याची, खूण दिसली की वेगळ्या पिंजऱ्यात हलवायची. मग तीन आठवड्यांत पिलं व्हायला हवीत. पण माद्यांची पोटं वाढेनात. आधी एक-दोन, मग एकामागून एक. मेलेली पिलं नाहीत, रक्त नाही, मादी आजारीही दिसत नाही. पोटातलं जणू कधी नव्हतंच. जुलैच्या मध्यापर्यंत मोठ्या खोलीत एकही मादी गाभण राहिली नव्हती, आणि जिच्यावर प्रयोग करायचा तीच पिलावळ हाताशी नव्हती.

शितोळ्यांनी चौकशी केली आणि ठपका ठेवला तो बायावर. बाया ही कुरवंड्याची. नवरा गेल्यावर रोज डोंगर उतरून केंद्रात यायची, पिंजरे साफ करायची, भुसा बदलायची, दाणापाणी करायची. उंदरांचे हरभरे ती घरी कोंबड्यांना नेते, माद्या उपाशी राहतात आणि म्हणून गर्भ टिकत नाहीत, असं शितोळ्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर बोलावून तसं सांगितलं. बाया खाली मान घालून उभी राहिली. एवढंच म्हणाली, “म्या दाना न्हेला न्हाई, सायेब.” समिती येऊन गेली की तिला काढायचं आणि माद्या क्लोरोफॉर्म देऊन संपवायच्या, हे त्या दिवशी ठरलं.

लैलानं तेव्हा बायाची बाजू घेतली नाही. तिच्याकडं बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवाय तिला स्वतःकडं कुणाचं लक्ष जायला नको होतं.

लैलाला दिवस गेले होते. याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला तिनं बशीरखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. केंद्रात तर मुळीच नाही. तिच्या आधी तिथं लीलाबाई नावाच्या मदतनीस होत्या. त्यांना दिवस गेल्याचं कळल्यावर शितोळ्यांनी त्यांना शांतपणे राजीनामा द्यायला सांगितलं होतं. इथं भुलीचं इथर असतं, जनावरं असतात, जबाबदारी कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं. लीलाबाई गेल्या त्या परत आल्या नाहीत.

त्यामुळं लैला सकाळी घरून निघताना ओकून घ्यायची, वाटेत लिंबाचं साल नाकाशी धरायची आणि बंगल्याच्या फाटकाशी ते टाकून द्यायची. इथरची बाटली उघडली की घेरी यायची. ती टेबलाची कड धरून उभी राहायची आणि शितोळ्यांना चाकू देताना हात हलू द्यायची नाही. सगळ्यात वाईट म्हणजे उंदरांची खोली. पाच वर्षं त्या वासात काम केलेलं, पण आता तो नाकात नुसता रुतायचा.

आणि त्यातूनच तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. खोलीचा वास बदलला होता. जुना वास ती ओळखत होती. त्यावर दुसरा एक, तिखट, अंगावर येणारा वास चढला होता, आणि तो खिडकीकडच्या मांडणीपाशी जास्त यायचा. त्या मांडणीवर मुंबईहून आणलेले नवे नर ठेवले होते. शितोळ्यांनी ते दुसऱ्या जातकुळीचे म्हणून मुद्दाम मागवले होते. ते जूनच्या अखेरीस आले होते. लैलानं तारखा आठवून पाहिल्या आणि माद्या रिकाम्या राहायला लागल्याची वेळ तीच निघाली.

तिनं शिपाई हौशीरामला विचारलं, खोलीत काही वेगळा वास येतो का? त्याला नेहमीचाच येत होता. बायाला विचारलं. बाया थोडा वेळ हुंगत उभी राहिली आणि प्रामाणिकपणे म्हणाली की तिला काही फरक कळत नाही. म्हणजे जे काही होतं ते फक्त लैलाच्या नाकाला कळत होतं, आणि ते का कळतं हे ती कुणाला सांगू शकत नव्हती.

ती शितोळ्यांकडं गेली. वासाचं सोडून बाकीचं बोलली. समिती येईपर्यंतची मुदत तुम्ही दिली आहे, ती मला पुरी वापरू द्या, असं म्हणाली. लागलेल्या माद्या तीन जागी ठेवायच्या. काही मोठ्या खोलीत, मुंबईच्या नरांसमोर. काही बंगल्यामागच्या जुन्या स्वयंपाकघरात, जिथं नर फिरकणारही नाही. आणि काही कोठीच्या खोलीत, जिथं नर दिसणार नाही, त्याचा आवाजही येणार नाही, फक्त मुंबईच्या नरांच्या पिंजऱ्यातला ओला भुसा माद्यांच्या पिंजऱ्यांत टाकायचा. दाणा तिन्हीकडं एकच, आणि घालणारी बायाच. बाया दाणा चोरत असेल तर तिन्हीकडचं सारखंच बिघडेल.

शितोळे म्हणाले, “करा. पण हे फसलं तर बायाबरोबर तुम्हीही जाल. समितीपुढं मी कुणाला पाठीशी घालणार नाही.”

ऑगस्ट सुरू झाला. तुंगार्लीवर ढग उतरले की भर दुपारी बंगल्यात दिवे लावावे लागायचे. बाया रोज आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, लुगडं बदलायची, स्वयंपाकघर करायची आणि मगच कोठीकडं आणि शेवटी मोठ्या खोलीकडं जायची. लैलानं एकदा सांगितलं ते तिनं एक दिवसही चुकवलं नाही. मोठ्या खोलीतल्या माद्या आधीसारख्याच रिकाम्या राहू लागल्या. कोठीतल्यांचंही लक्षण ठीक दिसेना. स्वयंपाकघरातल्या काही माद्यांची पोटं मात्र गोल होऊ लागली होती. लैला त्यांना हातात घेऊन हळूच चाचपायची आणि कुणाला काही बोलायची नाही. माद्या सगळ्या एकाच दिवशी लागत नाहीत. स्वयंपाकघरात अजून नव्यानं भरती चालू होती. एवढ्यात आनंद करायची तिला भीती वाटत होती, माद्यांसाठीही आणि स्वतःसाठीही.

महिना मध्यावर आला आणि एका सकाळी लैलाला रक्त दिसलं.

बशीरनं गावातल्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी तपासलं आणि पलंगावरून उठायचं नाही, पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, असं सांगितलं. टिकेल की नाही हे त्यांनाही सांगता येईना. लैलाला ताप आहे, असा निरोप बशीरनं केंद्रात दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या खोलीचं छप्पर गळू लागलं. पाणी नेमकं खिडकीकडच्या मांडणीवर पडत होतं. मुंबईचे नर भिजले तर मरतील म्हणून शितोळ्यांनी हौशीरामला हुकूम दिला, पिंजरे मागच्या स्वयंपाकघरात हलव, तीच एक खोली कोरडी आहे. त्या क्षणी त्यांच्या मनात प्रयोग नव्हता, नर वाचवायचे होते. हौशीराम पिंजरे घेऊन गेला तर बाया दारात बसलेली.

ती उठेना. हौशीरामनं समजावलं, मग शितोळे स्वतः आले. बाया उंबऱ्यावरच, पाठ दाराला लावून. तिनं आवाजही चढवला नाही.

“बाई येत न्हाईत तवर हितं नर आनायचा न्हाई.”

“मी सांगतोय, बाया. ऊठ.”

“तुमी मला काडणार हायसाच. आज काडा. पर दार मी उगडणार न्हाई.”

पाऊस कोसळत होता. नरांचे पिंजरे व्हरांड्यात ठेवले होते आणि तिथंही शिंतोडे येत होते. शितोळ्यांनी हौशीरामला बाजारातून ताडपत्री आणायला पिटाळलं आणि परत आल्यावर काय ते बघतो, असं बायाला सांगून ते आत गेले. हौशीराम बाजारात गेला, पण आधी एस.टी. स्टँडवर गेला. बशीरची गाडी सुटायला वेळ होता. हौशीरामनं त्याला घडलं ते सगळं सांगितलं.

बशीर घरी आला तेव्हा लैला भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानं सांगावं की नाही याचा विचार केला आणि सांगितलं. लैला उठून बसली, पाय खाली सोडले. बशीरनं तिचे खांदे धरले. स्वयंपाकघरात परवाच हलवलेल्या तीन माद्या होत्या, त्यांचे गर्भ अजून रुजायचे होते. तो वास तिथं शिरला तर काय होईल ते तिला कळत होतं, आणि आपण त्या चढावरून चालत गेलो तर काय होईल तेही कळत होतं. तिनं पाय वर घेतले आणि ती आडवी झाली.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “साहेबांना सांगा, नर तिथं नेऊ नका.”

“ते विचारतील, बाई का येत नाहीत. तापाचं सांगू?”

“खरं सांगा.”

बशीरनं डेपोत बदली माणूस दिला आणि भिजत तुंगार्लीला गेला. कंडक्टरच्या गणवेशातला माणूस थेट प्रमुखांच्या खोलीत शिरल्याचं हौशीरामला पुढं कितीतरी वर्षं आठवत होतं. आत काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. बशीर बाहेर आला आणि व्हरांड्यात बायाशेजारी उभा राहिला. मागोमाग शितोळे आले, छत्री उघडली आणि कुणाकडंही न बघता फाटकाबाहेर पडले.

ते लैलाच्या घरी आले. चाळीतल्या दोन खोल्या. लैलानं डोक्यावर पदर ओढला, उठायला गेली. त्यांनी हातानं नको म्हटलं आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. छत्रीचं पाणी जमिनीवर ओघळत होतं. आधी का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. लीलाबाईंना काय सांगितलं गेलं ते मला ठाऊक होतं, असं लैला म्हणाली. मग त्यांनी विचारलं ते शास्त्रज्ञानं शास्त्रज्ञाला विचारावं तसं.

“नरांच्या वासाची कल्पना तुम्हाला कुठून आली?”

“वास आला म्हणून. ते नर आल्यापासून खोली वेगळी वाटत होती. मला सध्या सगळेच वास फार येतात.”

“मला काही आला नाही.”

“हौशीरामलाही नाही. बायामावशींनाही नाही. मी विचारलं होतं.”

“मग हा पुरावा कसा होईल, लैलाबाई?”

“पुरावा नाहीच, सर. म्हणून तर तीन खोल्या केल्या.”

बाहेर कुणाची तरी बादली भरून वाहत होती. शितोळे उठले. दाराशी थांबून म्हणाले, “नर माझ्या ऑफिसात ठेवतो. पडून राहा.”

आणि त्यांनी तसं केलं. पुढचे पंधरा-वीस दिवस केंद्राच्या प्रमुखांनी मुंबईच्या नरांच्या पिंजऱ्यांमध्ये बसून कागद लिहिले. रक्त थांबलं तरी डॉक्टरीणबाई लैलाला सोडेनात. बशीर संध्याकाळी केंद्रावरून यायचा आणि बायानं सांगितलेलं जसंच्या तसं सांगायचा. फुगीर शेपटीवाली आज खाईना. कोपऱ्यातली घर करतीय. लैला पडल्या पडल्या ऐकायची आणि पोटावर हात ठेवून झोपायची.

समिती यायच्या आधल्या आठवड्यात स्वयंपाकघरात पहिली पिलं झाली. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. मग रोज होत गेली. नव्यानं आलेल्या त्या तीन माद्यांपैकी दोघींची पोटंही वाढली होती. मोठ्या खोलीत एक मादी सोडली तर सगळ्या रिकाम्या होत्या. कोठीत, जिथं फक्त भुसा टाकला होता, तिथंही जवळजवळ सगळ्या रिकाम्या. दाणा तोच होता आणि घालणारे हातही तेच.

समितीचे तिघेजण आले तेव्हा लैला रिक्षातून जाऊन खुर्चीत बसली होती. शितोळ्यांनी तिन्ही खोल्या दाखवल्या. परक्या नराचा नुसता वास मादीच्या मेंदूपर्यंत जातो आणि तिचा गर्भ थांबतो, हे आम्ही दाखवलं आहे, असं त्यांनी सांगितलं. समितीतले दोघे खूश झाले. तिसरे वयस्कर गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, लंडनच्या एका संशोधिकेनं हे सात वर्षांपूर्वीच छापलंय, आपल्याकडं ते नियतकालिक येत नाही वाटतं? तोवर ‘आम्ही’ म्हणणारे शितोळे त्यानंतर ‘लैलाबाईंनी’ म्हणू लागले.

लैलाला घरी येईपर्यंत रडू आवरत होतं. पलंगावर बसल्यावर आवरेना. बशीरला कळेना की काय वाईट झालं. माद्यांचं काम बंद होणार नव्हतं, समितीनं उलट वाढवायला सांगितलं होतं. बायाला कुणी काढणार नव्हतं. पण आपण ज्याच्यासाठी मूल पणाला लावलं ते दुसऱ्या एका बाईला आधीच माहीत होतं, हे लैलाला त्या दिवशी सोसत नव्हतं. काही दिवसांनी ती हेही म्हणू लागली की तिकडच्या बाईला आणि मला एकच गोष्ट दिसली, म्हणजे ती खरी आहे.

मार्चमध्ये तिला मुलगी झाली, कमरजहाँ. राजीनाम्याचा विषय शितोळ्यांनी काढला नाही आणि लैलानंही काढला नाही. ती बिनपगारी रजेवर गेली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत आली. दुपारी पाजायच्या वेळी बाया पोरीला घेऊन यायची.

त्यानंतरची नऊ वर्षं तिची स्वतःची होती. नर आणि मादीच्या मेंदूत वासाचा फरक जन्मतःच असतो की पुढं होतो, हे तिला शोधायचं होतं. जन्मल्याबरोबर नर पिलाची वृषणं काढली तर मोठेपणी ते वासाला मादीसारखं वागतं, असं तिला दिसलं, आणि पहिल्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी काढली तर नाही. म्हणजे मेंदू कुठल्या बाजूचा व्हायचा ते पहिल्या काही दिवसांत ठरत होतं. हे आधी कुणी छापलंय का, याची तिला इतकी धास्ती होती की ती महिन्यातून एकदा पुण्याच्या ग्रंथालयात जाऊन दिवसभर नियतकालिकं चाळायची. यासारखं काम बाहेर चाललेलं होतं, पण वासाबद्दलचं हे तिलाच आधी सापडलं होतं. शितोळ्यांनी तिच्या त्या शोधनिबंधावर स्वतःचं नाव घातलं नाही.

गरोदर बायकांचं नाक खरंच तीक्ष्ण होतं का, हेही तिनं तपासलं. कार्ल्यापासून कुरवंड्यापर्यंतच्या बायकांना बाटल्या हुंगवल्या. आकड्यांत तसं काही ठाम निघालं नाही. तिनं तेही लिहून छापलं. शितोळे म्हणाले, हे छापायची काय गरज होती? ती म्हणाली, निघालं तेच छापायचं.

१९७६ साली ट्रस्टनं हात आखडता घेतला. शितोळे निवृत्त झाले होते. बंगला विकायचा ठरला, आणि जनावरं संपवून जागा रिकामी करा, असा आदेश आला. पुण्याच्या एका महाविद्यालयानं लैलाला शिकवायला घेतलं होतं, जिन्याखालची एक खोलीही देऊ केली होती. पण उंदीर न्यायचे कसे? टेम्पोवाल्यानं पिंजरे बघून नकार दिला. काही माद्या गाभण होत्या आणि त्यांच्यावर तीन वर्षांचं काम उभं होतं.

बशीरनं त्या दिवशी लोणावळा-पुणे गाडी मागून घेतली. पहाटेच्या पहिल्या गाडीच्या मागच्या बाकांवर त्यानं आणि बायानं माद्यांचे पिंजरे चढवले, वरून ताडपत्री टाकली; नरांचे टपावर बांधले. लैला आणि बाया शेजारी बसल्या. ड्रायव्हरला नुसतं कॉलेजचं सामान म्हणून सांगितलं होतं. कार्ल्याला भात विकायला निघालेली माणसं चढली. एका म्हातारीनं नाकाला पदर लावला आणि कंडक्टरला विचारलं, काय रं, काय नेतोस? बशीरनं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि पुढं सरकला. म्हातारी मागं वळून लैलाकडं बघत राहिली. कामशेतला तपासनीस चढला. तो मागच्या बाकांपर्यंत आला, ताडपत्रीला हात लावला आणि आत काहीतरी खुडबुडलं.

तपासनीसानं बशीरकडं पाहिलं. बाया म्हणाली, “कॉलेजातलं हाय, सायेब. शिकायचं.” तपासनीस जरा थांबला आणि तळेगावला उतरून गेला.

महाविद्यालयाच्या फाटकाशी गाडी थांबवायची परवानगी नव्हती. ड्रायव्हरनं ती तिथंच थांबवली. प्रवासी कुरकुरत होते, तरी दोघा-तिघांनी उठून पिंजरे खाली द्यायला हात लावला. जिन्याखालच्या खोलीत उजेड कमी होता. लैलानं खिडकी पुसली, माद्यांचे पिंजरे एका भिंतीला लावले, नरांचे वेगळे ठेवायला समोरच्या खोलीत जागा मागितली आणि ती मिळेपर्यंत दारात उभी राहिली. बाया आत भुसा पसरत होती.